साठ चेंडू

माझा पहिला शाफ्ट म्हणजे आठ एमएमची सळई होती. चेंबूरला आमच्या वस्तीमागे एका इमारतीचं काम चालू होतं, तिथला पडीक तुकडा उचलला, एक टोक तापवून वाकवलं आणि धरायच्या जागी पाण्याच्या हिरव्या पाइपाचा तुकडा चढवला. झाली गोल्फ क्लब तयार. चेंडू प्लॅस्टिकचा. असं खेळणारे आम्हीच नव्हतो. भिंतीपलीकडे खरं गोल्फ कोर्स आणि अलीकडे घराघरात कॅडी, त्यामुळे हा खेळ गल्लीत उतरलाच होता. परदेशातले फोटोग्राफर येऊन त्याचे फोटो काढून गेलेत. त्या सळईला ना फ्लेक्स ना टॉर्क. फटका चुकला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या, तेवढंच कळायचं.

हे आठवायचं कारण म्हणजे यंदा मे महिन्यात माझ्या हातात एक शाफ्ट आला, ज्याची नवी किंमत पस्तीस हजार रुपये आहे. नुसता शाफ्ट. म्हणजे दांडी. पुढचं डोकं नाही, काही नाही.

शनिवार-रविवार मी काही साहेब लोकांना शिकवतो. त्यातल्या एकांनी हौसेनं घेतला होता, त्यांना झेपला नाही. म्हणाले, "तू दोन आठवडे मारून बघ. आवडला तर पंधरा हजार दे." पंधरा हजार माझ्याकडे होते. पण ते प्रोफेशनल गोल्फ टूरच्या क्वालिफाइंग स्कूलसाठी बाजूला ठेवलेले. तिथून पुढे गेलं तरच टूरवर खेळायला मिळतं. फी, प्रवास, राहणं, सगळं धरून ती रक्कम आधीच अपुरी होती. त्यातून शाफ्ट घेतला तर यंदा नाही, पुढच्या वर्षी. आणि नाही घेतला तर मनात कायम राहणार की दहा यार्ड कमी घेऊन गेलो.

ज्यांनी गोल्फ फक्त रील्समध्ये पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ड्रायव्हर ही पिशवीतली सगळ्यात लांब क्लब. तिचं डोकं आतून पोकळ असतं, नियमानं जास्तीत जास्त ४६० घनसेंटिमीटर. लांबी ४८ इंचांपर्यंत चालते, पण २०२२ पासून मोठ्या टूर्सना ४६ इंचांची मर्यादा घालायची मुभा मिळाली. शाफ्ट कार्बन फायबरचा असतो आणि तो काठीसारखा सरळ राहत नाही. क्लब वरून खाली येताना आधी तो एका बाजूला वाकतो आणि चेंडूजवळ पोचेपर्यंत दुसऱ्या बाजूला उसळतो. डोकं चेंडूला टेकतं ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. तेवढ्यात फेस कुठे बघतोय यावर सगळं ठरतं. एक-दोन अंश उजवीकडे बघत असला की चेंडू झाडांत. शाफ्ट विकणारे म्हणतात की योग्य शाफ्ट त्या क्षणी फेस सरळ आणून देतो. हे खोटं नाही. पण योग्य म्हणजे कुणासाठी, हा प्रश्न दुकानात जरा घाईत उरकतात.

पहिल्या दिवशी खारघरच्या रेंजवर गेलो. हल्ली ड्रायव्हरचा शाफ्ट छोट्या पान्यानं स्क्रू सोडवून मिनिटभरात बदलता येतो. साहेबांनी त्यांचं रडारचं यंत्रही दिलं होतं. जमिनीवर ठेवायचं, ते वेग, उंची, दिशा मोजून मोबाइलवर आकडे देतं. रेंजचे चेंडू झिजलेले असतात, कमीच जातात. म्हणजे आकडे खोटे, पण दोन्ही शाफ्टना सारखेच खोटे.

दहा चेंडू मारले. सातवा असा काही लागला की हाताला कळलंच नाही. हवेतलं अंतर २६३ यार्ड. त्या रेंजवर मी कधी २५५ च्या पुढे गेलो नव्हतो. स्क्रीनचा फोटो काढला, स्टेटसला टाकला. पंधरा हजार मनातल्या मनात देऊनही टाकले.

घरी बाबांना फोटो दाखवला. बाबांनी चौतीस वर्षं बॅगा वाहिल्या. त्यांच्या काळी दिल्लीचा अली शेर, मूळचा कॅडी, १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते म्हणे. बाबांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि विचारलं, "बाकीचे नऊ कुठे गेले?"

मी गप्प. मग म्हणाले, "तुला माहीत होतं ना हातात नवीन आहे ते?"

या दुसऱ्या प्रश्नानं मला झोपू दिलं नाही. माहीत तर होतंच. जुना शाफ्ट ड्रायव्हरबरोबर फुकट आलेला काळा, हा चकचकीत निळा. निळा हातात घेतला की खांदेच वेगळे वळतात.

म्हणून पुढच्या गुरुवारी सकाळी आम्ही तिघं रेंजवर गेलो, मी, बाबा आणि धाकटा भाऊ. दोन्ही शाफ्टवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळली, सारखीच. दोघांचं वजन दोन-तीन ग्रॅमच्या फरकानं एकच, लांबी एकच, ग्रिप एकाच जातीची बसवून घेतली. डोकं तर एकच. टोपीत बारा चिठ्ठ्या, सहा नव्याच्या, सहा जुन्याच्या. धाकट्यानं माझ्या पाठीमागे चिठ्ठी काढायची, शाफ्ट बसवायचा, मी पाच चेंडू मारायचे. मारण्याआधी क्लब हलवून बघायची आणि वहीत माझा अंदाज लिहायचा, 'न' किंवा 'जु'. सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा यार्ड धरून तीस यार्डांचा पट्टा मानला. त्यात पडला तर फेअरवे, नाहीतर वाया.

साठ चेंडू. मे महिना. सातलाच घामानं ग्रिप ओली व्हायला लागली, दर पाच चेंडूंनी टॉवेल. धाकटा वैतागला होता, पण पान्याचा 'टक्' आवाज झाला की अगदी सर्जनसारखा चेहरा करून क्लब पुढे करायचा. बाबा खुर्ची घेऊन बाजूला बसले. त्यांनी मोबाइलकडे बघितलंही नाही. चेंडू सुटला की "आहे" किंवा "गेला" एवढंच म्हणायचे, चेंडू खाली पडायच्या आत. एकदा मी चिडून म्हटलं, अजून हवेत आहे तो. म्हणाले, "आवाज आला ना."

आठव्या फेरीनंतर त्यांनी एक विचारलं. "तू वहीत काय लिहितोस रे?" सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुढे बोलले नाहीत.

संध्याकाळी चिठ्ठ्या उघडून हिशेब मांडला. जुन्याची सरासरी २४५ यार्ड, नव्याची २४८. पट्ट्यात जुन्याचे तीसपैकी १९, नव्याचे १७. म्हणजे तीन यार्ड जास्त आणि दोन फेअरवे कमी. तीस चेंडूंत दोनाचा फरक म्हणजे काही नाही, तेवढा वारासुद्धा करतो. त्याच शाफ्टचे माझे दोन लागोपाठचे चेंडू वीस यार्डांनी वेगळे पडत होते, तिथे तीनाचं काय घेऊन बसायचं!

अंदाजाचं तर हसूच आलं. बारापैकी पाच बरोबर. नाणं उडवलं असतं तर एक जास्त आला असता.

मी वही मिटणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "आता तू जे 'न' म्हटलंस ते वेगळे काढ."

सात फेऱ्यांत मी 'न' लिहिलं होतं. त्यात खरे नवे तीनच, बाकी चार जुने. पण त्या सात फेऱ्यांत क्लबचा वेग सरासरी ताशी १०७ मैलांच्या वर, आणि 'जु' लिहिलेल्या पाचांत १०५ च्या आसपास. अंतर २५० आणि २४२. शाफ्टनं तीन यार्ड दिले होते, मी माझ्या अंदाजानं आठ. आणि पट्ट्यात? 'जु' समजून मारलेले पंचवीसपैकी १९ आत. 'न' समजून मारलेले पस्तिसांत फक्त १७.

बाबांना हे आकड्याआधी दिसलं होतं. म्हणाले, "काही वेळा तुझी डावी टाच उचलून परत टेकत नव्हती. तोल पुढे जात होता. मला वाटलं दमलास. मग बघितलं, तर वहीत लिहून झालं की लगेच तसं करत होतास."

इथे माझी बाजू सांगायला हवी. शाफ्टनं फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही. ज्याचा शाफ्ट त्याच्या वेगासाठी फारच मऊ किंवा फारच कडक आहे, त्याला योग्य शाफ्टनं खरंच पुष्कळ मिळतं. साहेबांचा तोच घोळ होता, त्यांनी टीव्हीवरच्या खेळाडूचा शाफ्ट घेतला. माझा जुना शाफ्ट मात्र मला साधारण बरोबरच होता, आणि एका सकाळचे साठ चेंडू म्हणजे काही प्रयोगशाळा नाही. बॉबी जोन्सनं १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरी लाकडाच्या दांड्यांनी. पोलादी शाफ्ट तेव्हा बाजारात आले होते, ब्रिटनमध्येही आदल्या वर्षी मान्य झाले होते. हे मी रात्री धाकट्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, तू बॉबी जोन्स नाहीस. हेही खरं.

आणि एक कबुली. सगळे आकडे समोर असूनही दोन दिवस मी वाट शोधत होतो. 'न' समजून मारल्यावर आठ यार्ड मिळतात, तर तो विकत घेऊन कायमच 'न' समजत राहावं की! पण ते सतरा आठवायचे. क्वालिफाइंग स्कूलमध्ये सलग चार दिवस खेळायचं असतं, आणि झाडांतला चेंडू २६३ यार्डांवर पडला काय किंवा २४० वर, तिथून बाहेरच काढावा लागतो.

शाफ्ट परत द्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा रेंजवर गेलो. बाबांना म्हटलं, एक मारा. नाही नाही म्हणत उठले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी क्लब धरली नव्हती. धाकट्यानं चिठ्ठी न काढताच कुठला तरी एक शाफ्ट बसवून दिला, दोन्हींवर अजून टेप होतीच. बाबांनी चप्पल काढली, अनवाणी उभे राहिले, आणि फार मागे न नेता हलकेच क्लब फिरवली. आवाज आला. कोरडा, स्वच्छ, एकदाच.

"आहे," मी म्हणालो.

१५२ यार्ड. रेषेपासून दोन यार्ड डावीकडे.

क्लब परत देताना बाबांनी विचारलं, "कुठला होता रे?" धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं लक्षातच ठेवलं नव्हतं. टेप सोलली असती तर कळलं असतं, पण बाबा तोवर पुढचा चेंडू टीवर ठेवायला वाकले होते.