काचेचा केस आणि कुर्डुवाडीची धूळ

नेट स्लो झालं की आपल्यासारखी मंडळी काय करतात? स्पीड टेस्ट. मग राउटर बंद-चालू. मग पुन्हा स्पीड टेस्ट, आणि शेवटी कस्टमर केअरच्या नावाने शिमगा. पॅकेट लॉस तीन टक्के आहे हे आपण छातीठोकपणे सांगतो, पण ती पॅकेटं नक्की कुठे सांडतात हे बघायला जिना उतरून कोणी खाली जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये राहून तशी वेळही येत नाही म्हणा.

मला ते बघायला मिळालं कुर्डुवाडीत, मामांच्या घरी. मामेभाऊ तिथे एका केबल ऑपरेटरकडे फायबरचे जॉइंट मारायचं काम करतो. 'जॉइंट मारणे' हा त्यांचा शब्द, पुस्तकात त्याला स्प्लायसिंग म्हणतात. मामा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. म्हणजे एका घरात दोन पिढ्या, एक लोखंडातली आणि एक काचेतली. अशा घरात शनिवार-रविवार काढला की भरपूर ऐकायला मिळतं.

ज्यांनी कुर्डुवाडी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबई-सोलापूर मेन लाइनवरचं हे जंक्शन. एक फाटा लातूरकडे जातो, दुसरा पंढरपूरवरून मिरजेला. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथूनच बार्शीला सुटली, तेव्हा या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. २००० नंतर टप्प्याटप्प्याने ती सगळी लाइन ब्रॉडगेज झाली. आता मेन लाइनवर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत इथे थांबते. या तारेचा आणि फायबरचा जवळचा संबंध आहे. एवढ्या दाबाच्या तारेशेजारून तांब्याची टेलिफोनची तार नेली, तर तिच्यात आपोआप वीज उतरते, नुसती खरखर नाही, झटका बसण्याइतकी. काचेला त्याचं काही सोयरसुतक नसतं. त्यामुळे रुळांच्या कडेने फायबर टाकणं ही रेल्वेची स्वतःचीच गरज होती. त्यात उरलेल्या जागेतून धंदा करता येईल म्हणून २००० साली रेलटेल ही रेल्वेचीच कंपनी निघाली. (आणि टेलिफोन एक्स्चेंज जोडायला देशात पहिल्यांदा फायबर वापरलं ते १९७९ साली, आपल्या पुण्यात. पुणेकरांनी आता कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

असो. मुद्दा धुळीचा आहे.

कुर्डुवाडीत धुळीला तोटा नाही. पाऊस कमी, माती काळी आणि भुसभुशीत, रस्त्याची खोदाई बारमाही. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, उडणारा पाचोळा आणि माढा तालुक्यातल्या कारखान्यांची काजळी. या हवेत भाऊ खांबाला शिडी लावून डबा उघडतो आणि आत जे जोडतो त्याचं माप मायक्रॉनमध्ये असतं.

मामांना हे माप समजावताना मजा आली. वर्कशॉपवाल्यांचं बारीक माप म्हणजे 'थाऊ', इंचाचा हजारावा भाग. आख्खी फायबरची काच १२५ मायक्रॉनची, म्हणजे पाच थाऊ. पण उजेड त्या सगळ्या काचेतून जात नाही. तो जातो मधल्या गाभ्यातून, आणि गाभा आहे जेमतेम नऊ मायक्रॉनचा.

"म्हणजे थाऊचा तिसरा हिस्सा?" मामा म्हणाले. "आरं, मग त्याच्यासमोर त्याच्यासमोर लावतोस कसा?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. दोन कनेक्टर कपलरमध्ये खटकन बसतात तेव्हा आत दोन नऊ-नऊ मायक्रॉनचे ठिपके एकमेकांना टेकतात. एक मायक्रॉनचा कण त्या गाभ्यावर बसला तर टक्काभर उजेड अडू शकतो. नऊ मायक्रॉनचा कण बरोबर मधोमध बसला तर दारच बंद. आणि डोळ्याला यातलं काहीही दिसत नाही. आपल्या नजरेला कनेक्टरचं टोक लख्ख असतं. वर स्प्रिंग दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून धरते, त्यामुळे कण मध्ये चिरडला जातो, दोन्हीकडे पसरतो, कधी काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. एका घाणेरड्या पॅचकॉर्डने सकाळपासून दहा पोर्ट तपासले की संध्याकाळपर्यंत दहाही पोर्ट घाण. साथीचा रोगच म्हणा ना.

याउलट काच स्वतः किती स्वच्छ आहे बघा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की एक किलोमीटरनंतर एक टक्का उजेड जरी उरला तरी टेलिफोनसाठी काच चालेल. त्या वेळी तेवढीही चांगली काच कोणाकडे नव्हती. (या कामाचं नोबेल त्यांना मिळालं २००९ मध्ये.) आजच्या काचेतून १५५० नॅनोमीटरचा उजेड सोडला तर अर्धा व्हायला पंधरा किलोमीटर लागतात. कुर्डुवाडीपासून बार्शी पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे तिथेही पाचवा हिस्सा पोचेल. एवढा प्रवास करून आलेला उजेड शेवटी ग्राहकाच्या खोलीत, टीव्हीमागच्या कनेक्टरवरच्या बोटाच्या तेलकट डागात अडकतो. एक डीबीचा डाग म्हणजे पाच किलोमीटर काच फुकट गेली.

भावाने सांगितलेली एक केस. गावातल्या एका क्लासवाल्या सरांचं नेट दुपारी तुटायचं, ऑनलाइन टेस्ट चालू असतानाच. दोन आठवड्यांत दोनदा डबा बदलला, राउटर बदलला, केबलही नवी ओढून झाली. मीटरवर उजेड येत होता उणे २७ च्या आसपास. घरातल्या डब्याला तेवढा म्हणजे अगदी काठावर, जरा हललं की गेलं. शेवटी भावाने दुसऱ्या एकाकडून मायक्रोस्कोप मागून आणला आणि जिन्यातला कनेक्टर खाली धरला. स्क्रीनवर गाभ्याभोवती वाळलेल्या पाण्याच्या थेंबासारखे डाग. कोणीतरी सॅनिटायझरने पुसला होता! सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, ग्लिसरीन असतं, ते सगळं मागे राहतं. नीट पुसल्यावर उणे २२. पाच डीबी, म्हणजे तिपटीहून जास्त उजेड. नवीन सामानाचा खर्च शून्य.

"आमच्याकडं समदे तीनच गोष्टींनी पुसतात दादा," भाऊ म्हणाला. "शर्टानं, फुंकरीनं, नाहीतर थुंकीनं."

बरोबर पद्धत तशी अवघड नाही, फक्त कंटाळवाणी आहे. आधी बघायचं. मग कोरडं पुसायचं, त्यासाठी पेनसारखा क्लीनर मिळतो. टोकावर दाबला की टक् वाजतं आणि आतली सुताची फीत पुढे सरकते, म्हणजे दरवेळी कोरी जागा लागते. मग पुन्हा बघायचं. डाग गेला नसेल तरच ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही तंतू न सोडणाऱ्या कागदावर थेंबभर, एकाच दिशेने, आणि लगेच कोरड्या भागावर पुसून घ्यायचं. तसंच वाळू दिलं तर त्याचाच डाग पडतो. पुसलेल्या जागेवर दुसऱ्यांदा पुसायचं नाही. फुंकरीत वाफ आणि थुंकीचे कण असतात, म्हणून फुंकर बाद. पॅचकॉर्डला प्लास्टिकची टोपी असते तिच्यावरही विश्वास नाही. ती टोकाला मार लागू देत नाही हे खरं, पण आतून स्वच्छ असतेच असं नाही, त्यामुळे नव्या पाकिटातली वायरसुद्धा बघून, पुसूनच लावायची. आणि हिरवा कनेक्टर निळ्यात घुसवायचा नाही. हिरव्याचं टोक आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसल्यासारखे वाटतात, पण मध्ये फट राहते.

मामांना सगळ्यात जास्त नवल याचं वाटलं. त्यांच्या आयुष्यात साफसफाई म्हणजे रॉकेल आणि कॉटन वेस्टचा बोळा, आणि जितकं घासाल तितकं चांगलं. इथे बोळा लावला की सत्यानाश.

आता डोळ्यांचं. हे मला धुळीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं आणि गावोगावी याच्यावर कोणी बोलत नाही.

फायबरमधला उजेड आपल्याला दिसत नाही. आपली नजर सातशे नॅनोमीटरच्या आसपास संपते आणि घरगुती फायबरमध्ये १३१० आणि १४९० चालतात. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. टॉर्च डोळ्यावर मारला तर आपण झटकन तोंड फिरवतो, इथे शरीराला कळतच नाही की काही आत जातंय. तरी पोरं टोक डोळ्यासमोर धरून "लाइट येतोय का" बघतात. दुसरी युक्ती मोबाइलच्या कॅमेऱ्याची. टीव्हीच्या रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात जांभळट दिसतो ना, तसं हेही दिसेल म्हणून. दिसत नाही! रिमोट ९४० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनची नजर अकराशेच्या पुढे जात नाही. त्यामुळे स्क्रीन काळी राहते आणि पोरगा म्हणतो, बंद आहे.

भीती किती घालायची हाही प्रश्न आहे. तुमच्या-माझ्या घरात पोचणारा उजेड मिलिवॅटच्या शंभराव्या हिश्श्याइतका असतो. एक्स्चेंजच्या मशीनमधून निघताना दोन-तीन मिलिवॅट. टोकातून बाहेर पडला की पसरतो, हातभर अंतरावर विरळ होतो. त्यामुळे मुलाने चुकून हिरवा कनेक्टर उपटला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळायची गरज नाही. पण खांबावरच्या माणसाच्या हातात कोणतं फायबर आहे हे त्याला बाहेरून कळत नाही. केबल टीव्हीचा सिग्नल १५५० वर अ‍ॅम्प्लिफायर लावून पाठवतात, तिथे एकेका पोर्टला शंभर मिलिवॅट किंवा जास्तही असू शकतात. लेझर पॉइंटर पाचच्या आत असतो, यावरून काय ते समजा. आणि त्यात कोणी साधं भिंग लावून टोक तपासलं, तर पसरणारा उजेड भिंग गोळा करून डोळ्यात सोडतं. म्हणून मायक्रोस्कोप स्क्रीनवाला हवा, आणि टोक बघण्याआधी पॉवर मीटर लावून खात्री करायची. लाल पेनचा दिवा, ज्याने केबल कुठे मोडलीय ते शोधतात, तोसुद्धा डोळ्यावर मारायचं खेळणं नव्हे.

उजेडाने डोळा गेलेला माणूस भावाच्या पाहण्यात नाही. काचेने मात्र आहे, म्हणजे जाता जाता वाचला. जॉइंट मारताना फायबर सोलून क्लीव्हरने टोक कापतात तेव्हा कापलेला तुकडा उरतो. नखाएवढा, केसासारखा, पारदर्शक. फरशीवर पडला की दिसत नाही, बोटात घुसला की दिसत नाही, घुसताना फारसं दुखतही नाही. भावाच्या जोडीदाराने घाम पुसता पुसता डोळा चोळला. तुकडा बाहीला होता की बोटाला, कोणास ठाऊक. बार्शीला डॉक्टरने काढला. डोळा राहिला, आठ दिवसांची हजेरी गेली. गॉगल कोणाकडेच नव्हता, कारण गॉगल मालकाने द्यायचा असतो आणि मालक म्हणतो आजवर कोणाला काय झालंय?

दोनेकशे रुपयांचा गॉगल. पाच-सहा हजारांत क्लीनर, अल्कोहोल, कागद, काळी मॅट, असं सगळं येतं. स्प्लायसिंग मशीनला लाखभर घालणारे लोक इथे हात आखडतात हे मला खरंच कळलेलं नाही. मशीन पावतीवर दिसतं, गॉगल दिसत नाही, एवढंच असेल.

भावाने त्यानंतर स्वतःच्या पैशाने काही गोष्टी सुरू केल्या. काम काळ्या मॅटवर, म्हणजे तुकडा उठून दिसतो. तुकडे हाताने उचलायचे नाहीत, चिकटपट्टीने टिपायचे. कामाच्या जागी वडापाव नाही, चहा नाही, तंबाखू तर नाहीच (यावर जोडीदाराशी अजून वाद चालू आहे). घरी आल्यावर आधी हात धुवायचे, मग पोरीला उचलायचं. आणि पुड्या बांधायच्या ऐवजी झाकणाची एक प्लास्टिकची बरणी, त्यावर मार्करने मोठ्याने 'काच'.

बरणी भरली की तिचं काय करायचं, यावर रविवारी दुपारी बराच वेळ चर्चा झाली. घंटागाडीत ओला-सुका एवढेच दोन डबे. सुक्यात टाकली तर पुढे कोणीतरी बरणीच्या मोहाने ती उघडून हात घालणार. मामांचं म्हणणं पडलं की झाकणाला सगळीकडून टेप मारायची, बरणी बाईंच्या हातात द्यायची आणि तोंडाने सांगायचं, आत काच हाय, उघडू नका. सध्या तसंच चाललंय.