काचेवरील पाऊलखुणा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, पुतण्याच्या आग्रहास्तव, आम्ही उभयतांनी अमेरिकेचा प्रवास केला. त्यातील एक दिवस त्याने कॉर्निंगसाठी राखून ठेवला होता. न्यूयॉर्क राज्यात शेमंग नदीच्या काठी वसलेले हे लहानसे गाव काचेवरच वाढले. १८६८ साली ब्रुकलिनमधील एक काचकारखाना येथे आला. पुढे एडिसनच्या विजेच्या दिव्यांसाठी काचेचे फुगे याच कारखान्याने पुरविले. त्यानेच १९५१ मध्ये काचेचे संग्रहालय उभारले. प्राचीन इजिप्तपासून आजतागायतची काच तेथे एका छताखाली पाहावयास मिळते.

काच म्हटले की आपल्याला आठवते ती बांगडी, लोणच्याची बरणी, फार तर कंदिलाची चिमणी. २०१५ मध्ये उघडलेल्या नव्या दालनात शिरलो आणि ही कल्पना गळून पडली. भिंती शुभ्र, आणि प्रकाश वरून, छतातून झिरपणारा. तेथे एका लाल त्रिकोणापाशी आमचे पाय थबकले. उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर. नाव ‘लाल पिरॅमिड’, साल १९९३. काच पातळ तेथे तांबडे फुटल्यासारखा उजेड, जाड तेथे गोठलेला काळोख. रंग एकच, भेद केवळ जाडीचा.

आमच्या सौभाग्यवती बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, आपण बांगडी फुटली असेसुद्धा म्हणत नाही, वाढली म्हणतो. इतक्या नाजूक जिनसेत एवढे बळ आले कोठून?”

याचे उत्तर संग्रहालयातच होते. पालोमारच्या दुर्बिणीसाठी १९३४ साली ओतलेली २०० इंच व्यासाची पहिली तबकडी तेथे ठेवली आहे. ओततेवेळी साच्याचे आतील भाग सुटल्याने ती सदोष ठरली. दुसरी ओतली, आणि ती निववण्यास कित्येक महिने लागले. काच घाईने निवली तर तिच्या पोटात ताण राहतो आणि पुढे केव्हातरी ती तडकते. लाल पिरॅमिडही असाच साच्यात वितळवून, सावकाश निववून घडविलेला आहे.

त्याचे कर्ते स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा हे चेक दांपत्य. लिबेन्स्की १९५४ पासून झेलेझ्नी ब्रॉद या गावातील काचशाळेचे मुख्याध्यापक होते, हे कळताच आम्हांस ते अकारण जवळचे वाटू लागले. ते चित्र रेखाटीत. ब्रिख्तोवाबाई त्यावरून मातीची प्रतिमा घडवीत व ती साच्यात उतरवीत. लिबेन्स्कींचे २००२ मध्ये निधन होईपर्यंत हा क्रम चालला. अमुक रेषा कोणाची आणि अमुक वळण कोणाचे, हे वेगळे काढता येत नाही. संवाद म्हणतात तो याला.

त्यांच्या देशात त्या काळी साम्यवादी राजवट होती. चित्रकाराने काय रंगवावे, शिल्पकाराने काय घडवावे, यावर सरकारची नजर असे. काच मात्र उपयोगाची वस्तू. तिच्यात विचार असतो असे अधिकाऱ्यांना वाटले नाही, म्हणून तेथे पहारा सैल राहिला. त्या फटीतून या दोघांनी स्वातंत्र्य आत आणले.

पण १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनासाठी या दांपत्याने २२ मीटर लांबीची ‘जीवनसरिता’ काचेत साकारली आणि तिच्यावर सैनिकी बुटांचे ठसे उमटविले. अधिकाऱ्यांच्या ध्यानी ते आले. ठसे काढून टाकावे लागले. दोघांना पक्षातूनही काढण्यात आले.

हे वाचून त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कैक वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक अधिकारी यावयाचे होते. सातवीतल्या एका मुलाचे चित्र भिंतीवर होते: कोरडा नळ, घागरींची रांग, आणि शेजारून धूळ उडवीत जाणारी सरकारी जीप. कोणी सांगितले नव्हते, तरी आम्ही ते उतरविले आणि गुलाबाचे चित्र लावले. मुलगा काही बोलला नाही. कागदाची सुरळी करून घेऊन गेला. ओसाकात निदान हुकूम तरी झाला होता. आमच्याकडे अधिकारीही आम्हीच होतो आणि ठसे पुसणारेही आम्हीच. वर्ग शांत राहिला तो सुसंवाद, असे आम्ही इतकी वर्षे समजत आलो. तो पोटात ताण ठेवून घाईने निवलेल्या काचेचा शांतपणा होता.

१९८९ मध्ये त्या देशातील राजवट रक्तपाताविना बदलली. लाल पिरॅमिड त्यानंतरचा. त्यावर बुटाचा ठसा नाही, घोषणाही नाही. उजेड आणि काळोख एकाच काचेत शेजारी नांदतात, इतकेच.

यंदा शाळा उघडल्यावर सातवीच्या वर्गाची एक भिंत आम्ही मुलांच्या स्वाधीन केली. तेथे काय लावावे हे तीच ठरवितात. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या गळक्या छपराचे एक चित्र लागले आहे. अजून ते तेथेच आहे.