एकच मीठ

"सर, हे दोन हॅश सारखेच कसे?"

साताऱ्याहून आमच्याकडे काम शिकायला आलेल्या मुलीने विचारलं. तिच्यासमोर दोन बॅकअप उघडे होते, एक साताऱ्याच्या ग्राहकाचा, एक सांगलीच्या. दोन्हीकडच्या ऑपरेटरनी योगायोगाने एकच पासवर्ड ठेवला होता, आणि सर्टिफिकेटं सांभाळणारं माझं सॉफ्टवेअर ते उघड सांगत होतं.

कारण हॅश करण्याआधी पासवर्डात मिसळायचं सॉल्ट, म्हणजे मीठ, मी कोडमध्येच लिहून ठेवलं होतं. बावीस अक्षरं, सगळ्या ग्राहकांना तीच. आळसाने नाही, अभिमानाने. हॅशशेजारी सॉल्ट उघडं ठेवणारे मला कच्चे वाटायचे. आमचं कुणाला दिसतही नाही, असं मी बैठकांत सांगायचो. सॉल्ट लपवण्यासाठी नसतंच, प्रत्येक नोंदीला वेगळं देण्यासाठी असतं. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्सच्या पासवर्डांबद्दल लिहिलं तेव्हा त्यांचं सॉल्ट बाराच बिटांचं होतं, म्हणजे ४०९६ प्रकार. माझ्या बावीस अक्षरांचा प्रकार एकच. खासगी किल्ल्यांना कुलूप घालणारी किल्लीही पासवर्ड आणि त्याच सॉल्टमधून निघायची. पासवर्डांची यादी एकदा दळून ठेवली की ती सगळ्या ग्राहकांना लागू.

जावात किल्ल्या ठेवायच्या जुन्या जेकेएस फाइलच्या पडताळणीतही पासवर्डात 'मायटी ॲफ्रोडाइटी' हे ठरलेले शब्द मिसळतात. मोठ्यांचंही असं झालंय, म्हणून दोन दिवस मी तेच धरून बसलो. त्या मुलीला मात्र लगेच 'चुकलं' म्हणालो नाही, याची लाज अजून जात नाही.

तपासणीला येणाऱ्यांवर माझा राग आहे. अल्गोरिदमचं नाव वाचून शिक्का मारतात. एकाच पासवर्डाची दोन खाती उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात, ती कुणी दिली नाहीत. मीही दिली नव्हती.

आता प्रत्येक नोंदीला ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेले सोळा रँडम बाइट. ऑपरेटर लॉगिन करतो तेव्हा पासवर्ड क्षणभर हाती येतो, तेवढ्यात नवा हॅश करून ठेवायचा. हे जमलं. पेनड्राइव्हवर, जुन्या हार्डडिस्कवर, कपाटात पडलेले बॅकअप मात्र माझ्या हातात नाहीत. त्यांत जुनं मीठ तसंच आहे, आणि त्याच मिठाच्या कुलपात खऱ्या किल्ल्या आहेत. रात्री मी तेच मोजत बसतो.

माझ्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरली असेल, तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. किल्ल्या नव्या करा, जुनी सर्टिफिकेटं रद्द करून घ्या.