ठकीच्या खोडी

डिंभे धरणाच्या उजव्या कालव्याच्या भरावावर कुणीतरी खताच्या गोणीतून तीन पिल्लं आणून सोडली होती. दोन कुत्रे होते, ते सकाळी दूध घालायला निघालेल्यांनी उचलले. तिसरी कुत्री. ती दुपारपर्यंत रिकाम्या गोणीवर बसून होती. आण्णांनी तिला टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून मळ्यात आणलं, तेव्हा आजी ओट्यावर शेंगा फोडत होती. "कुत्री कशापायी आणली रं? दर वरसाला पिल्लांचं लेंढार व्हईल," असं म्हणत तिनं सूप बाजूला सारलं आणि पिल्लू मांडीवर घेतलं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, पाय काड्यांसारखे. "ही तर लाकडाची ठकीच हाये," आजी म्हणाली. नाव तिथंच पडलं.

पोट जंतांनी फुगलेलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी वजन करून औषध दिलं, तर दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले. कुत्रीच्या पोटात असतानाच पिल्लाला जंत लागतात, पुढं दुधातूनही जातात, हे मला त्या दिवशी कळलं. तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी तिला ते औषध पाजलं. गाईचं दूध तिला पचेना. ताकात कुस्करलेली भाकरी आणि उकडलेलं अंडं यावर तिनं जीव धरला. रेबीजची पहिली सुई भाद्रपदी पोळ्याच्या आसपास झाली, म्हणून दर वर्षीची लस आजीनं पोळ्यालाच बांधून टाकली. बैलांची शिंगं रंगवून झाली की ठकीला घेऊन दवाखाना. तेरा वर्षांत एकदाही चुकली नाही.

वर्षाची झाली आणि तिला मोटारसायकलींचं वेड लागलं. मळ्याच्या वाटेवर गाडी वाजली की कान मागं पाडून सुटायची आणि चालवणाऱ्याच्या पोटरीच्या रोखानं झेपावायची. आण्णांनी तिला दिवसा जांभळीला साखळीनं बांधायला सुरुवात केली. त्यानं ती आणखी बिघडली. आधी गाडीवर धावायची, आता पायी येणाऱ्यावरही दात काढू लागली. साखळीच्या लांबीएवढं गोल रिंगण तिनं जांभळीभोवती उकरलं होतं. तिचा दिवस कसा जातो ते त्या रिंगणाकडं बघूनच कळायला हवं होतं, पण आमचं कुणाचं लक्ष गेलं नाही. एका सकाळी कडी निसटली आणि दूध गोळा करायला येणाऱ्या पोराच्या पोटरीत तिचे दोन दात रुतले.

आजी जखमेत भरायला मिरचीपूड घेऊन धावली. आण्णांनी तिचा हात धरला. पोराला मोटारीच्या पाइपाखाली बसवलं आणि घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात, अंगाच्या साबणानं जखम धुतली. मग सरकारी दवाखाना. ठकीची लस झालेली होती, तरी त्याच्या सगळ्या सुया पूर्ण केल्या. पिसाळलेला कुत्रा चावल्यानंतर दहा दिवसांच्या आत मरतो, म्हणून दहा दिवस ठकीवर नजर ठेवायची होती. ते दहाही दिवस आण्णा संध्याकाळी त्या पोराच्या घरी जायचे, "खातीय, पितीय" एवढं सांगायचे आणि परत यायचे.

जनावरांचे डॉक्टर आम्हाला रागावले. म्हणाले, हिला राग तुम्हीच शिकवलाय. ती गाडीमागं धावते, गाडी निघून जाते, तिला वाटतं आपण हाकलली. मग ती थांबेल कशाला? उपाय वहिनीनं केला. तिनं ओट्यावरच्या कोनाड्यात भाकरीचे तुकडे ठेवले. लांबवर गाडीचा आवाज आला, अजून ठकीचे कान मागं पडायचे आहेत, एवढ्यात वहिनी "ठके, ये" म्हणून हाक मारायची आणि ओट्यावर आली की तुकडा द्यायची. गाडी जाईपर्यंत एकेक तुकडा. पहिले पंधरा दिवस ती अर्ध्या वाटेतून वळून गाडीकडंच पळायची. वहिनी ओरडली नाही, काठी उचलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी हाक आणखी लवकर मारली. दोन महिन्यांनी गाडी वाजली की ठकी आपणहून ओट्यावर येऊन कोनाड्याकडं बघत बसायची. दूधवाल्या पोराच्या हातून ती पुढं भाकरी खायला लागली. त्याला मात्र वर्षभर तरी धीर झाला नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

कुत्रा बांधून ठेवण्यात आमच्याकडं आणखी एक धोका आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशा कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी जुन्नर-आंबेगावात फिरलं, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखाने उभे राहिले, आणि कोरडवाहू रानात बारा-बारा, अठरा-अठरा महिने हलत नाही असा ऊस आला. बिबट्याला लपायला, पिल्लं घालायला यापरीस काय पाहिजे? ऊसतोडीत पिल्लं सापडतात आणि वन खात्याची माणसं संध्याकाळी ती त्याच जागी ठेवतात, आईनं येऊन न्यावीत म्हणून. आम्ही हे लहानपणापासून बघतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळीपेक्षा कुत्रं जास्त. ज्याला आपण राखणीला ठेवतो त्याच्याच वासावर तो येतो, आणि बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट.

म्हणून लोहाराकडून पट्टा करून घेतला. जाड चामडं, त्यातून बाहेर आलेले अडीच-अडीच इंचाचे खिळे. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतो तसा. बिबट्या गळाच धरतो. रात्री तिला पडवीत घ्यायचं ठरलं, तेव्हा आजी आडवी आली. माळकरी बाई, घरात कुत्रं तिला चालणार नव्हतं. चार दिवस बोलणं चाललं. शेवटी पडवीला जाळी आणि फळीचं दार लागलं. ठकी पडवीत, आजीचं देवघर आत, अशी वाटणी झाली. पोल्ट्रीवरच्या मेलेल्या कोंबड्या बांधावर टाकायचं आम्ही तेव्हाच बंद केलं आणि खड्डा करून पुरायला लागलो. त्या वासानं भटकी कुत्री गोळा होतात आणि कुत्र्यांमागं तो.

एका चुकीचं मात्र आजही वाईट वाटतं. पावसाळ्यात ठकीच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे घोस लागले. मी गोठ्यातलं गुरांचं औषध घेतलं, अंदाजानं पाण्यात कालवलं आणि तिच्या अंगावर ओतलं. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळेची तार सुटली, मागचे पाय थरथरायला लागले. कुत्रं अंग चाटतं, गाय तेवढं चाटत नाही, आणि गाईचं माप कुत्र्याला लागत नाही, हे मला कळायला हवं होतं. साबणानं धुऊन धुऊन ते उतरवलं, डॉक्टरांनी दोन सलायनं लावली, रात्रभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाचली.

गोचिडांनी पुढच्या वर्षी खरा हिसका दाखवला. ठकी चिडकी झाली. पुतण्यानं पाठीवर हात ठेवला तर गुरगुरली, भाकरी हुंगून तोंड फिरवलं, जांभळीखाली एकटीच पडून राहू लागली. शेजारच्या मळ्यातून निरोप आला, "पिसाळलीय, मारून टाका." दोघं जण काठ्या घेऊन आलेसुद्धा. वहिनीनं त्यांना ओट्यावर थांबवलं आणि ठकीचा ओठ अंगठ्यानं अलगद वर उचलला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. तिची लघवी चहासारखी काळपट झाल्याचं आईनं सकाळीच पाहिलं होतं. गोचीड ताप. रक्त तपासलं, तेच निघालं. चार आठवडे गोळ्या, रोज कलेजी, आणि अंगाला हात लावायचा नाही, असं सांगितलं. सांधे दुखत होते तिचे. पुतण्याचा हात तिला नकोसा नव्हता, दुखऱ्या जागी पडला होता एवढंच. महिन्याभरानं हिरड्या गुलाबी झाल्या आणि ती पुतण्याच्या अंथरुणात घुसायला लागली. त्या दिवसापासून वहिनी दर रविवारी तिचा ओठ उचलून बघायची, कान हुंगायची, बोटांच्या बेचक्या चाचपायची. पाच मिनिटांचं काम. कांद्याच्या बराखीकडं आणि द्राक्षांच्या टाकाऊ घडांकडं तिला जाऊ द्यायचं नाही, हा नियमही वहिनीचाच. आमच्या तालुक्यांची ही दोन्ही पिकं कुत्र्याला विष आहेत, कांदा रक्त फोडतो आणि द्राक्ष मूत्रपिंडं निकामी करतं.

दोनदा व्याली. दुसऱ्या खेपेची पाचातली चार पिल्लं आठवड्यात रक्ताच्या हगवणीनं गेली. पार्व्हो. ती चार दिवस गोणपाट चाटत बसली. "आता बास, तिचं आपरेशन करून आणा," असं आजीच म्हणाली.

भुंकण्याचं सांगायचं राहिलं. माणसाला ती तुटक भुंकायची, कोल्ह्याला लांबलचक. आणि बिबट्या असला की भुंकायचीच नाही. दोन-तीनदा घशातल्या घशात काहीतरी करायची, मग पडवीच्या आतल्या दाराला पाठ घट्ट लावून बसायची. आत झोपलेल्याला दाराची फळी थरथरलेली कळायची. आम्ही तेव्हा बॅटरी घेऊन बाहेर जायचो नाही, पत्रा वाजवायचो आणि शेजारच्या मळ्यांना फोन करायचो. एका लग्नाच्या रात्री गडबडीत ती बाहेर राहिली. पहाटे आली तेव्हा पट्ट्याचे दोन खिळे वाकलेले होते, मान लाळेनं ओली होती आणि खांद्यावर चार ओरखडे. तिनं पाणी प्यायलं आणि वहिनीच्या पायावर डोकं ठेवून झोपली.

म्हातारपणी डोळ्यांत निळसर पडदा आला, कान गेले. मग रात्री दोनला उठून भिंतीकडं तोंड करून भुंकायची. सगळे मळे जागे व्हायचे, फोन यायचे, "आलाय का?" डॉक्टर म्हणाले, म्हातारीला दिवसरात्र कळेनाशी झालीय. आम्ही पडवीत बारका दिवा रात्रभर ठेवला, संध्याकाळी तिला रोज एकाच वाटेनं बांधापर्यंत फिरवलं, निजताना हात पाठीवर ठेवला. ऐकू येत नव्हतं, पण हात कळायचा. भुंकणं कमी झालं. तेराव्या वर्षी, कार्तिकात, मूत्रपिंडानं दगा दिला. जांभळीखाली, तिच्या जुन्या रिंगणातच पुरली.

२०२५ च्या नोव्हेंबरात नदीपलीकडं शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांनीच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली. बिबट्यानं तिथं माणसं मारली होती. त्या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची वीज होती आणि उसाला दारं धरायला वहिनीची पाळी होती. तिनं पडवीतल्या खुंटीवरचा ठकीचा पट्टा काढला, वाकलेले दोन खिळे बोटानं चाचपले, आणि तो आपल्या गळ्याला लावून पाहिला. चार बोटं कमी पडत होता. मग तिनं सुतळीनं गळ्याचं माप घेतलं, माप आलं तिथं गाठ मारली आणि लोहाराला द्यायला ती सुतळी आण्णांच्या हातात ठेवली.