अप्पांचा फोन

कोट्टूरपुरममधल्या तळमजल्यावरच्या एखाद्या घराची कल्पना करावी. कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी तंजावरहून चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासेत आलेले. घरात जुन्या वळणाची मराठी, दारात तमिळ. वडील अप्पा, आई अम्मा. १ डिसेंबर २०१५ च्या पावसानंतर अड्यार नदीचे पाणी या भागात शिरले, तेव्हा कपाटाचा खालचा खण बुडाला. त्यातच घराची कागदपत्रे, विम्याच्या पॉलिसी, मुदत ठेवीच्या पावत्या आणि लग्नाचा अल्बम होता. पाणी ओसरल्यावर चेन्नईतल्या कितीतरी घरांनी कागद गच्चीवर वाळत घातले. हरवलेल्या दाखल्यांच्या नव्या प्रती देण्यासाठी सरकारला खास शिबिरे भरवावी लागली.

अप्पांनी त्यातून धडा घेतला. वाचले तेवढे सगळे कागद स्कॅन करून ई-मेलमध्ये आणि क्लाउडवर ठेवले. बँकेची पासबुके बंद झाली, सगळे फोनवर आले. वीज बिल, गॅस, म्युच्युअल फंड, मुलाला पाठवायचे फोटो, सगळे. आता कितीही पाणी आले तरी काही बुडणार नाही, असे ते म्हणत आणि त्यात चूक काहीच नव्हती. पण फोन उघडायचा सहा आकडी क्रमांक त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होता.

अप्पा गेले आणि तेराव्यापर्यंत कुणाला त्याची आठवण झाली नाही. मग वीज बिलाची तारीख आली. फोन उशाशी होता, चार्ज केलेला होता, मधूनच वाजतही होता. उघडत मात्र नव्हता. अमेरिकेतल्या मुलाने तिकडून सांगितले, "अम्मा, काहीही करा, पण अप्पांचा नंबर बंद होऊ देऊ नका." ते अगदी बरोबर होते. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. ज्या क्रमांकावर ओटीपी येतो तोच हातचा गेला, तर पुढची निम्मी दारे लागली म्हणून समजावे. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते साधारण १२० दिवस न वापरल्यास पुसले जाते. गुगल दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते फोटोंसकट काढून टाकू शकते.

आणखी एक मोह इथे होतो. फोन उघडलाच, तर अप्पांच्याच नावाने पैसे काढून घ्यावेत, उगाच बँकेत खेटे कशाला? तसे करू नये. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या पिनने किंवा यूपीआयने व्यवहार करणे हे इतर वारसांच्या आणि बँकेच्याही लेखी गैर ठरते, मग घेणारी पत्नी का असेना. मृत्यूचा दाखला चेन्नई महापालिका ऑनलाइन देते. तमिळनाडूत वारस दाखला तहसीलदाराकडून मिळतो. खात्यावर नॉमिनी असेल तर काम बरेच सोपे होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींसाठी चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येते.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज मात्र घराघरांत पक्का बसला आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून निघालेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की नॉमिनी हा पूर्ण मालक होत नाही. मालमत्ता शेवटी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जाते. तेव्हा नॉमिनी नेमावाच, पण मृत्युपत्रही करावे, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. पासवर्ड मात्र त्यात लिहू नयेत. मृत्युपत्र अनेकांच्या हातून जाते आणि पासवर्ड तर सारखे बदलत असतात.

अप्पांचे आणखी कुठे काय होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' हे २०२३ साली सुरू झालेले संकेतस्थळ उपयोगी पडते, पण ते दहा वर्षे कुणी न विचारलेल्या ठेवींसाठी. तिथे नाव सापडले तरी दावा त्या त्या बँकेतच करावा लागतो. दहा वर्षे थांबण्यापेक्षा एक वही बरी. कुठल्या बँकेत खाते, कुठला फंड, विमा कुणाचा, कुठला ई-मेल, कुठला फोन क्रमांक, एवढेच त्यात लिहावे. फोनचा क्रमांक आणि मुख्य पासवर्ड वेगळ्या पाकिटात घालून कुलपात ठेवावा आणि ते पाकीट कुठे आहे हे दोघांना सांगावे. एकाला सांगितले तर तो एकटाही आधी जाऊ शकतो.

तंजावरच्या भोसले राजांच्या दफ्तरातले मोडी कागद सरस्वती महालात आजही आहेत. पुरातून, वाळवीतून ते वाचले. वाचता येणारी माणसे मात्र मोजकी उरली. अम्मांच्या माहेरीही अशी चार-पाच पत्रे होती. आजोबा गेल्यावर त्यांत काय लिहिले आहे हे कुणी सांगू शकले नाही.

अप्पांच्या खात्याचे पुढे काय झाले? बँकेचे पैसे दोन-तीन महिन्यांत मिळाले. फोटो मिळाले नाहीत. गुगलमध्ये २०१३ पासून एक सोय आहे. खाते तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने वापरले नाही, तर आपण निवडलेल्या दहापर्यंत माणसांना कळवायचे आणि त्यांना काय काय द्यायचे, हे आधीच ठरवून ठेवता येते. अ‍ॅपलच्या फोनमध्येही पाच जणांपर्यंत वारस नेमता येतात. त्यांना एक किल्ली मिळते आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. अप्पांनी यातले काही केले नव्हते. कंपनीशी पत्रव्यवहार चालू राहिला.

मार्गळीच्या सुट्टीत मुलगी आली, तेव्हा अम्मांनी स्वतःचा फोन तिच्यापुढे ठेवला. बँक झाली, विमा झाला, फोटो मुलीला द्यायचे ठरले. मग मेल आला. त्यात मैत्रिणीला लिहिलेली पत्रे होती, वीस वर्षांची. घरातल्या कुणाकुणाबद्दल त्यांत काय काय होते, ते त्या दोघींनाच माहीत. मुलीने विचारले, "हे कुणाला द्यायचं, अम्मा?"

अम्मा थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते पुसायची सोय आहे म्हणालीस ना? ते लाव."