निम्म्याहून जास्तच का?



भूमितीच्या वहीत लंबदुभाजकाची रचना बहुतेकांना नीट येते. रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवरून वर-खाली कंस काढायचे, ते छेदतात ते दोन बिंदू जोडायचे. गुणही पूर्ण मिळतात. पण कंपासमधील अंतर निम्म्याहून जास्तच का घ्यायचे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. “पुस्तकात तसेच दिले आहे”, एवढेच उत्तर येते. एका पालकांनी मला विचारले, “गुण मिळतात ना, मग काळजी कसली?” काळजी ही, की सातवीतले पाठांतर दहावीत पुरत नाही.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे ‘लंब समद्विभाजक’ हा शब्द शिकलो. आपल्या शेजारची मुले तेलुगूत ‘लंब समद्विखंडन रेखा’ म्हणतात. मराठी शब्द मला अधिक जवळचा वाटतो, कारण रस्त्यावरच्या डिव्हायडरलाही मराठीत दुभाजकच म्हणतात. लंब म्हणजे काटकोनात, दुभाजक म्हणजे दोन समान भाग करणारा. मात्र मुख्य गोष्ट शब्दात दिसत नाही : या रेषेवरचा प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो.

कंपास नव्हता तेव्हाही हे काम होत असे. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञभूमीवर दिशा ठरवण्याची रीत आहे. पूर्व-पश्चिम रेषेवर दोन खुंट्या ठोकायच्या, दोरीची टोके त्यांना अडकवायची आणि दोरीचा मध्य धरून एकदा दक्षिणेकडे, एकदा उत्तरेकडे ताणायचा. त्या दोन खुणा जोडल्या की उत्तर-दक्षिण रेषा मिळते. हाच लंबदुभाजक!

आम्ही मैदानावर सुतळी आणि फक्की घेऊन हे करून पाहिले. सुतळी खुंट्यांमधील अंतराएवढीच असेल, तर तिचा मध्य जागचा हलत नाही. त्याहून लांब असेल तरच तो बाजूला ताणता येतो. सुतळीचा अर्धा भाग म्हणजेच कंपासमधील अंतर. ते बरोबर निम्मे घेतले तर कंस मध्यबिंदूत नुसते टेकतात, कमी घेतले तर भेटतच नाहीत. ‘का’चे उत्तर मुलांच्या हातातच होते.

आपल्या शहरात याचे मोठे उदाहरण उभे आहे. 1591 साली बांधलेल्या चारमिनारची प्रत्येक बाजू सुमारे 20 मीटर आहे. कमान बाजूच्या मधोमध आहे. म्हणून खाली चौकोनाच्या मध्यावर उभे राहून उत्तरेच्या कमानीतून गुलजार हौजेच्या दिशेने पाहिले, तर आपली नजर त्या बाजूच्या लंबदुभाजकावरून जाते. तेथून चारही मिनार सारख्या अंतरावर असतात.

पालकांना एक विनंती. घरी कागदावर रेषाखंड काढून एक टोक दुसऱ्यावर येईल अशी घडी मुलांकडून घालून घ्या. घडीची रेषा म्हणजे लंबदुभाजक. मग विचारा, काटकोन का झाला? एका सरळ रेषेवरचे दोन कोन एकमेकांवर तंतोतंत बसले, म्हणजे 180 अंशांचे दोन समान भाग झाले. हे उत्तर मुलाने स्वतः सांगेपर्यंत थांबा. घाईने सांगून टाकू नका.