पिंजरा की घरकुल?

कुत्रा हा शेतकऱ्याच्या घरचा बिनपगारी राखणदार होय. तो मेंढरांमागे चालतो, खळ्यावर रात्रभर जागतो आणि धन्याच्या पानातील उरलेल्या भाकरीवर समाधान मानतो. परंतु या इमानी सेवकाला आपण राहावयास काय देतो? बहुधा दारातला खुंट आणि हातभर साखळी! प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्यात मुक्या जनावराच्या सुखाबरोबर आपल्या लेकरांची सुरक्षितताही गुंतलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मुधोळ जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले. मुधोळचे संस्थानिक मालोजीराजे घोरपडे यांनी जोपासलेली ही चपळ शिकारी जात. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. थोरल्या मुलाने पिल्लासाठी फळ्यांची, जाळीचे दार असलेली पेटी बनविली. घरच्या आजीबाईंना ती मुळीच रुचली नाही. आम्ही घरभेटीस गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, मुक्या जिवाला असं कोंडणं पाप नव्हे का? आमच्याकडे कुत्री आपली साखळीला असायची."

आजींच्या मनातील दया खरी होती. म्हणून आम्ही त्यांना स्वित्झर्लंडमधील सेंट बर्नार्ड खिंडीची हकिकत सांगितली. तेथे २,४६९ मीटर उंचीवर संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापिली. पुढे तेथील धर्मगुरूंनी कुत्री पाळली. वाटाड्यांबरोबर ती बर्फात जात आणि वाट चुकलेल्यांना शोधीत. १८०० साली जन्मलेल्या बारी नावाच्या कुत्र्याने चाळीस जीव वाचविले, असे सांगतात. ही कुत्री काम संपले की श्वानगृहात विसावत. ते श्वानगृह २००५ साली एका न्यासाकडे सोपविण्यात आले. आजही उन्हाळ्यात कुत्री खिंडीवर येतात.

कुत्र्याला आडोशाची ओढ उपजतच असते. कुत्री विते तीही एखाद्या कपारीत. जेथे निजावे तेथे घाण करू नये, ही त्याची स्वाभाविक वृत्ती. म्हणूनच पेटीमुळे पिल्लू स्वच्छता शिकते. पेटी मात्र उभे राहता, वळता व पाय ताणून निजता येईल एवढीच असावी. फार मोठी झाली तर ते एका कोपऱ्यात घाण करते. प्रथम दार उघडे ठेवून आतच खाऊ घालावे, मग काही क्षणांपुरते दार लावावे. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा फार तर तीन तास दम धरते. त्याआधीच त्याला बाहेर न्यावे. शिक्षा म्हणून तर त्यात कधीच कोंडू नये. आपली नजर नसताना कोंबड्यांमागे धावण्याची खोड पिल्लाला लागत नाही, हा राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत मोठाच लाभ. शिवाय तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचण्यास न्यावयाचे, तेव्हाही ते पेटीत शांत बसते.

परंतु हीच पेटी वैशाखात पत्र्याखाली ठेवली, पाणी दिले नाही, दिवसभर दार उघडले नाही, तर तो तुरुंगच होय. मोठ्या कुत्र्याला झाडाच्या सावलीत, ओल लागणार नाही असे उंच तळाचे ऐसपैस श्वानगृह हवे आणि सकाळ-संध्याकाळ मोकळी धावही हवी. सदैव साखळीला बांधलेल्या कुत्र्याला भय वाटले तरी पळता येत नाही; म्हणून ते चावते, आणि पुष्कळदा जवळ जाणारे लहान मूलच त्याला बळी पडते.

सेमिनारीत रात्रीच्या मौनाची घंटा झाली की आम्ही आपापल्या खोलीत जात असू. नवख्याला ते दार बंधन वाटे. काही महिन्यांनी तेच विसाव्याचे स्थान होई. शिस्तीत प्रेम आणि प्रमाण असले की ती जाचत नाही. पिल्लांचे तसेच मुलांचेही.

आता ते पिल्लू दुपारी आपण होऊन पेटीत जाऊन निजते आणि आजीबाई त्याची भाकरी स्वतःच्या हाताने आत ठेवतात.

प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. वाचकहो, आज घरी दारातल्या साखळीकडे एकदा पाहा. चार फळ्या, थोडी सावली आणि आपला थोडा वेळ, एवढ्यावर त्या मुक्या सेवकाला घर मिळेल आणि आपल्या लेकरांना निर्भय अंगण.